यंत्र चुकतं ते कुठल्या बाजूला?

हवेचा दाब १००९.९ हेक्टोपास्कल. शाळेतल्या नियमाने हे १०१० होतं. विमानतळाच्या मेटारमध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सांकेतिक हवामान नोंदीत, मात्र १००९ लिहायचं. अपूर्णांक कितीही मोठा असो, सोडून द्यायचा. पुण्यात हौसेनं हवामान केंद्र बांधणारी बरीच मंडळी आहेत, आणि ती इथे हमखास फसतात, कारण प्रोग्राममधलं ‘राउंड’ इमानेइतबारे १०१० करून देतं.

हा आकडा, म्हणजे क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबात आणलेला दाब), वैमानिक आल्टिमीटरच्या, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्राच्या, छोट्या खिडकीत लावतो. तो खऱ्यापेक्षा जास्त लागला की आल्टिमीटर जास्त उंची दाखवतो, म्हणजे विमान वाटतं त्यापेक्षा खाली असतं. कमी लागला तर विमान वाटतं त्यापेक्षा वर. चूक तेवढीच, पण एकीकडे डोंगर आहे आणि दुसरीकडे मोकळं आभाळ. म्हणून नियम लिहिणाऱ्यांनी पूर्णांक करतानाची चूक मुद्दाम आभाळाकडे ढकलून ठेवली.

सेन्सरच्या माहितीपत्रकात अचूकता ‘अधिक-उणे’ अशी छापलेली असते, जणू यंत्र दोन्हीकडे सारखंच चुकणार आहे. उघड्यावर वर्षभर उभ्या असलेल्या यंत्राचं तसं नसतं. प्रत्येक बिघाडाचा कल ठरलेला असतो. एकाकी धावपट्टीवर, जिथे चूक पकडायला दुसरं माणूस नाही, तिथे हा कल माहीत असणं माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगाचं.

दाबापासून सुरू करू, कारण त्याची चूक डोळ्यांना दिसत नाही. समुद्रसपाटीजवळ १ हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे ८ मीटर, २७ फूट; तोंडी हिशेबाला ३० धरतात. अंदाज हवा असेल तर बॅरोमीटरवाला मोबाइल घेऊन शिवाजीनगरहून सिंहगडावर जा: साडेसातशे मीटरच्या चढावर दाब ८० हेक्टोपास्कलच्या आसपास उतरतो. बाजारात मिळणारा बीएमई२८० सेन्सर ±१ हेक्टोपास्कलचा असतो. घरच्या गच्चीवर तो उत्तम. विमानांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ±०.५ ची अपेक्षा आहे, आणि तीही सेन्सर नवा असताना नव्हे, कायम.

दाबाचा सेन्सर पेटीत असतो आणि बाहेरची हवा त्याला एका नळीतून मिळते. बिघाड बहुतेकदा या नळीत. पावसाळ्यात नळीच्या झोळात पाणी साचतं, उन्हाळ्यात कुंभारीण माशी तोंडाशी मातीचं घर बांधते. नळी पूर्ण बुजली की आत अडकलेली हवा पेटीच्या तापमानाबरोबर फुगू बघते. पुण्याच्या उंचीवर पेटी १ अंशानं तापली तरी आतला दाब ३ हेक्टोपास्कलनं चढतो. म्हणजे तुम्ही बॅरोमीटर समजून थर्मामीटर वाचत असता. ही चूक पकडायला पुण्यात निसर्गच मदत करतो. आपल्याकडे दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली, दिवसभरात तीनचार हेक्टोपास्कलचा फरक. आठवड्याचा आलेख काढा. दुपारी चारला दरी दिसायच्या ऐवजी टेकडी दिसली, तर नळी काढून फुंकर मारायची वेळ झाली.

अर्धवट बुजलेली नळी जास्त वाईट. तिच्यात दाब उशिरा पोहोचतो. एरवी हा उशीर कळतही नाही, पण वादळी ढग जवळ येताना बाहेरचा दाब भराभर उतरत असतो आणि यंत्र मघाचाच, म्हणजे जास्त, आकडा सांगत राहतं. हवा बिघडतेय नेमकी तेव्हाच चूक डोंगराच्या बाजूला.

नळीला झोळ राहू देऊ नका, तोंड खाली वळवा, त्यावर बारीक स्टीलची जाळी लावा. तपासायला नेलेला प्रमाण बॅरोमीटर सेन्सरच्याच उंचीवर धरा. १ मीटरचा फरक ०.१ हेक्टोपास्कल खातो. आणि दोन सेन्सर बसवणार असाल तर दोघांना वेगवेगळी नळी द्या. अमेरिकेतल्या स्वयंचलित केंद्रांवर दाबाचे दोन किंवा तीन सेन्सर असतात आणि त्यांच्यात ०.०४ इंचांहून जास्त, म्हणजे सुमारे १.३५ हेक्टोपास्कल, फरक पडला की केंद्र दाब सांगणंच बंद करतं. पण एकाच बुजलेल्या नळीवरचे दोन सेन्सर एकमेकांशी अगदी गोडीगुलाबीनं सहमत असतात.

दाब समुद्रसपाटीच्या हिशेबात आणायला केंद्राची उंची भरावी लागते, तिथेही असंच होतं. काही जीपीएस मॉड्यूल समुद्रसपाटीवरची उंची न देता पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरची देतात. पुण्याच्या भागात ती साठ मीटरहून अधिक कमी भरते. ती तशीच भरली तर क्यूएनएच सात हेक्टोपास्कलनं कमी निघतो, दोनशे फुटांचा गोंधळ. नशीब की भारतात ही चूक आभाळाकडे जाते. जगात जिथे हा फरक उलट्या चिन्हाचा आहे तिथे ती डोंगराकडे जाईल.

वाऱ्याचं यंत्र १० मीटर उंचीच्या खांबावर, आणि अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या दहापट लांब. नियम सगळ्यांना पाठ असतो. सुबाभळीला मात्र तो ठाऊक नसतो. केंद्र बसवताना नसलेलं झाड चार वर्षांत सहा मीटरचं होतं आणि साठ मीटरच्या आत असेल तर त्या बाजूचा वारा कमी मोजला जातो. कपवाल्या यंत्राच्या बेअरिंगमध्ये धूळ गेली की तेही कमीच मोजतं. म्हणजे वाऱ्याचे जवळपास सगळे बिघाड एकाच दिशेला, आणि ती दिशा वाईट: आडवा वारा १६ नॉट असताना १३ दिसतो. सेसना १७२ या छोट्या विमानासाठी उत्पादकाने करून दाखवलेला आडवा वारा १५ नॉटचा आहे, हे लक्षात घेतलं की तीन नॉट किती महाग आहेत ते कळेल.

दिशादर्शक अडकला तर पुण्यात जून ते सप्टेंबर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण मोसमी वारा तसाही आठवडेच्या आठवडे पश्चिमेकडूनच असतो. पावसाळ्याआधी खांब खाली घेऊन दिशादर्शक चारही बाजूंच्या ओळखीच्या खुणांकडे धरून आकडे जुळवायचे. कपाचा दांडा बोटाने फिरवून सोडायचा. कचकन थांबला तर बेअरिंग बदलायचं, तेल घालून वेळ मारून न्यायची नाही, कारण तेलावर धूळ आणखी बसते. मेटारमधली दिशा भौगोलिक उत्तरेपासून असते, विमानतळाचा टॉवर किंवा स्वयंचलित केंद्राचा आवाज रेडिओवर सांगतो ती चुंबकीय. आपल्याकडे या दोहोंत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे इथे लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधली ही गल्लत इथे कधीच उघडी पडत नाही. तेच सॉफ्टवेअर अलास्कात नेलं तर दहा अंशांहून जास्त घोळ घालेल.

दृश्यमानता ही खरी गंमत आहे. दोन तऱ्हेची यंत्रं आहेत आणि एकच घाण दोघांना उलट्या बाजूंना चुकवते. ट्रान्समिसोमीटर एका टोकाकडून प्रकाश सोडतो आणि दुसऱ्या टोकाला किती पोहोचला ते पाहतो. बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमानविद्या प्रयोगशाळेने बनवलेलं ‘दृष्टी’ हे आपल्या विमानतळांवरचं यंत्र या जातीचं. त्याच्या काचेवर धूळ बसली की प्रकाश कमी पोहोचतो आणि यंत्राला वाटतं धुकं आहे. उड्डाणं रखडतात, लोक वैतागतात, पण कुणी मरत नाही. दुसरी जात फॉरवर्ड स्कॅटरची. ती हवेतल्या कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजते: जास्त विखुरला म्हणजे धुकं दाट. हिच्या काचेवर धूळ बसली की विखुरलेला प्रकाशही आत कमी येतो आणि यंत्र सांगतं, हवा छान आहे. छोट्या ठिकाणी हीच जात बसवतात, कारण ती स्वस्त, एका खांबावर मावणारी. तिच्यात काचेची घाण ओळखून भरपाई करण्याची सोय असते, पण भरपाईला मर्यादा आहे आणि ‘काच पुसा’ हा इशारा कुणाच्या तरी स्क्रीनवर पोहोचावा लागतो.

कोळ्याचं जाळं मात्र उलट वागतं. फॉरवर्ड स्कॅटरच्या प्रकाश सोडणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन डोक्यांमध्ये विणलेल्या जाळ्यावर दव पडलं की भरपूर प्रकाश विखुरतो, आणि निरभ्र सकाळी यंत्र आठशे मीटर दाखवतं. एकाच यंत्रात दोन बिघाड विरुद्ध बाजूंना, त्यामुळे सरासरी बघून काही कळत नाही. काच मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायची. शर्टाच्या टोकाने नाही. शून्य तपासायला दोन्ही डोकी काळ्या फोमने बंद करायची, आणि ठरलेली विखुरणारी पाटी लावून मोजमाप जुळवायचं ते फक्त स्वच्छ हवेच्या दिवशी. दिवाळीच्या धुरात केलेलं कॅलिब्रेशन वर्षभर पुरतं, चुकीच्या अर्थाने. बसवताना प्रकाश घेणारं डोकं उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे सूर्य आत डोकावत नाही. आणि हे यंत्र तांब्याभर हवा चाखून किलोमीटरभराचं सांगतं, हे विसरायचं नाही.

ढगांची उंची मोजणारा सिलोमीटर सरळ वर बघतो, डोक्यावरून गेलेलंच त्याला दिसतं. अमेरिकन केंद्रांचं गणित तीस मिनिटांच्या नोंदींवर चालतं, त्यात शेवटच्या दहा मिनिटांना दुप्पट वजन. मोकळ्या मैदानावर हे ठीक. खोऱ्यातून ढग एका बाजूने आत शिरत असेल तर तो डोक्यावर येईपर्यंत यंत्राच्या लेखी आभाळ मोकळंच.

तापमानाचं थोडक्यात, पण त्यात एक वळण आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची उंची १,९४२ फूट. या उंचीवर प्रमाण तापमान, म्हणजे विमानांच्या हिशेबासाठी ठरवून दिलेलं, ११ अंश. एप्रिलच्या दुपारी ४० अंश असेल तर फरक २९ अंशांचा, दर अंशाला १२० फूट धरले की विमानाला हवा जणू ५,४०० फुटांवरची मिळते: धाव लांबते, चढण मंदावते. यंत्रावरची पांढरी जाळीदार टोपी पिवळी पडली, पंखा बंद पडला, तर यंत्र जास्त तापमान दाखवतं. इथे ही चूक सुरक्षित बाजूला आहे. फार तर एखादं पोतं कमी चढवाल. तीच चूक उणे तीस अंशांत उलटते. थंड हवेत आल्टिमीटर खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो, प्रमाणापेक्षा दर दहा अंशांना साधारण चार टक्के. उणे तीसला केंद्राच्या वर हजार फूट दाखवत असेल तर प्रत्यक्षात सव्वाआठशेच्या आसपास असतात. तिथे तापमान खऱ्यापेक्षा जास्त दिसलं तर वैमानिक उंचीतली दुरुस्ती कमी करतो आणि खाली राहतो. बिघाड तोच, गाव बदललं की बाजू बदलली.

अलास्काचं नाव मघाशी घेतलं, कारण या प्रश्नाची तीच मोठी प्रयोगशाळा आहे. तिथल्या सुमारे ८२ टक्के वस्त्यांना रस्ताच नाही. औषध, टपाल, किराणा, बाळंतपणाला निघालेली बाई, सगळं छोट्या विमानातून. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने २०२० साली दिलेल्या आकड्यांनुसार २००८ ते २०१७ या काळात तिथला विमान अपघातांचा दर उरलेल्या देशाच्या २.३५ पट होता, आणि जीवघेण्या अपघातांचा १.३४ पट. यात हवामान केंद्रांचा वाटा किती हे वेगळं काढणं अवघड, पण केंद्र बंद पडलं की काय होतं ते स्पष्ट आहे. भाड्याच्या छोट्या विमानांना, जिथे हवामानाची नोंद मिळत नाही तिथे, ढगातून यंत्रांच्या आधारे उतरण्याचा प्रयत्न सहसा सुरूच करता येत नाही. मग विमान निघत नाही, किंवा ढगाखालून जमीन बघत बघत जातं. दुसरा पर्याय कायदेशीर असला तरी जास्त घातक तोच.

यातली अनेक केंद्रं खरं तर बंद नसतात. सेन्सर ठणठणीत असतात, बाहेर जाणारी टेलिफोनची लाइन मेलेली असते. धावपट्टीवर घिरट्या घालणाऱ्या वैमानिकाला रेडिओवर केंद्राचा आवाज ऐकू येतो, पण दोनशे किलोमीटरवरच्या कंपनीच्या टेबलावर काहीच नाही, म्हणून विमान मुळात निघतच नाही. दाब शेजारच्या विमानतळाचा वापरता येतो, पण त्याचा दंड भरावा लागतो. अमेरिकन पद्धतीत अंतराच्या दर सागरी मैलाला २.३० फूट आणि दोन ठिकाणांच्या उंचीतल्या दर फुटाला ०.१४ फूट. ४० मैल आणि ५०० फुटांचा फरक असेल तर ९२ अधिक ७०, म्हणजे उतरण्याची किमान उंची १६२ फुटांनी वर. अनेकदा ढग नेमका त्या १६२ फुटांतच लोंबत असतो.

सह्याद्रीत बसवलेल्या केंद्राला लाइनच्या आधी वीज दगा देते. हिशेब करून बघा. नोंदी साठवणारा लॉगर, वारा, दाब, तापमान आणि मोडेम मिळून सरासरी ०.१५ अँपिअर, म्हणजे दिवसाला ३.६ अँपिअर-तास. ४२ अँपिअर-तासांची बॅटरी अर्धीच वापरायची असते, म्हणजे २१. जेमतेम सहा दिवस. ताम्हिणीत जुलैत सूर्य यापेक्षा जास्त दिवस गायब असतो. ढगाळ दिवशी पॅनेलमधून थोडं मिळतं, पण खर्चाला पुरेल इतकं मिळवायला पॅनेल उन्हाळ्याच्या गरजेच्या सातआठ पट लागतं. सिलोमीटर आणि त्याचा हीटर असेल तर सौरऊर्जेचं नावच काढू नका. दुपारी बाराला व्होल्टेज बघून बॅटरी ठीक म्हणायचं नाही. तो चार्जरचा व्होल्टेज असतो. पहाटे पाचचा बघायचा. थकलेली बॅटरी मोडेम चालू होताच ११ व्होल्टच्या खाली बसते, लॉगर रिसेट होतो आणि नोंद जाते. म्हणजे धुकं धरतं त्याच वेळी केंद्र मुकं, आणि ऊन वर आल्यावर सगळं सुरळीत, जणू काही झालंच नाही.

मोबाइल सिमचं रिचार्ज संपणं हा बिघाड कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही आणि रोजचा आहे. उपग्रहातून पाठवणाऱ्या केंद्रांना ती कटकट नाही. हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रांची इन्सॅटवरून आलेली माहिती पकडणारं भूकेंद्र पुण्यातच उभं केलं गेलं, ज्या गावात १९२८ साली शिमल्याहून खातं आलं आणि चौकाला ‘शिमला ऑफिस’ नाव देऊन गेलं. पण उपग्रहावर प्रत्येक केंद्राला ठरलेला क्षण असतो. जीपीएसचा अँटेना बिघडला, घड्याळ सरकलं, की ते शेजाऱ्याच्या क्षणात बोलू लागतं आणि दोघांचीही नोंद वाया जाते. बंद पडलेलं केंद्र शोधायला जाल तर ते ठीकच सापडेल. बिघडलेलं दुसरंच असतं.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एक वेगळी विनंती, आणि पुण्यात ते खंडीभर आहेत. सेन्सरकडून काही आलं नाही तर तिथे शून्य भरू नका. मेटारमध्ये ००००० म्हणजे वारा शांत. न मिळालेला वारा /////. डेटाबेसने रिकाम्या जागी शून्य ठेवलं की मोडकं यंत्र ‘शांत वारा’ सांगतं. तसंच अडकलेल्या लॉगरचा शेवटचा आकडा नव्या वेळेचा शिक्का मारून पुढे पाठवू नका. दशांशातही न हलणारा दाब दोन तास दिसला तर तो गाळा. अमेरिकन मेटारमध्ये न मिळालेला गट सरळ वगळतात, त्यामुळे तिथे काय नाही हे वाचणाऱ्यालाच हुडकावं लागतं. शेवटी डॉलरचं चिन्ह असेल तर केंद्राला देखभाल हवी आहे, ‘टीएसएनओ’ असेल तर गडगडाटी वादळाची माहिती उपलब्ध नाही. वादळ नाही, असं ते म्हणत नाही.

आणि केंद्र अगदी निर्दोष असलं तरी ते एका जागेचंच बोलतं. २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी बावधनजवळ हेलिकॉप्टर कोसळून तिघे गेले. लोहगाव तिथून सरळ रेषेत सतराअठरा किलोमीटर. मैदानावरच्या धावपट्टीची नोंद डोंगराच्या कुशीतल्या धुक्याबद्दल काही सांगू शकत नाही, मग ती कितीही अचूक असो. १५ जून २०२५ ला केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेलं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ पडलं, सातही जण गेले. त्या खोऱ्यांत एका वळणावर ऊन आणि पुढच्या वळणावर ढग, हे रोजचं आहे.

अलास्कात यावर १९९९ पासून कॅमेरे लावत आले आहेत, आता दोनशेहून जास्त ठिकाणी. दर दहा मिनिटांनी फोटो, आणि शेजारी त्याच चौकटीचा निरभ्र दिवसाचा फोटो, त्यावर टेकड्यांची अंतरं आणि उंची लिहिलेली. हे आपल्या हेलिपॅडवरही जमण्यासारखं आहे. चौकटीचा खालचा एक तृतीयांश जमिनीला द्या, तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवा, काचेवर पन्हाळीसारखी पुढे आलेली टोपी बसवा. निरभ्र दिवशी दीड किलोमीटरवरची पाण्याची टाकी, तीनवरचा मोबाइल टॉवर, पाचवरची डोंगरसोंड हेरून खुणा करा; पाच किलोमीटर ही नजरेने उडणाऱ्यांची नेहमीची मर्यादा, ती सोंड दिसली नाही की प्रश्न मिटला. कॅमेऱ्याचाही कल असतो. आजकालच्या कॅमेऱ्यांत धूसरपणा आपोआप साफ करण्याची सोय चालूच असते, आणि ती धुकं पातळ दाखवते. ती बंद करा, रंग आणि उजेडाची आपोआप होणारी ओढाताणही शक्य तितकी कमी करा. आणि फोटो तीस मिनिटांपेक्षा जुना झाला तर पानावर तो ठेवू नका. त्या जागी काळा चौकोन दाखवा, आणि शेवटचा फोटो कधी आला ती वेळ.